विचारा की सर: कापूस, जमीन आणि फुटलेले पक्ष

मागच्या अंकात अमेरिकेच्या यादवी युद्धावर, म्हणजे गुलामीवरून उत्तर अन् दक्षिणेतल्या राज्यांत पेटलेल्या लढाईवर, लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की १८६१ ला गोळी सुटली खरी पण बंदूक ठासायचं काम त्याआधी चाळीस वर्षं चाललं होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की या वेळी पानिपत अन् मलिक अंबर दोन्ही बाजूला ठेवावे लागले. (मलिक अंबरवाले औरंगाबादचे वाचक नाराज होतील, त्यांना पुढच्या अंकात आधी घेतो.) पत्रं लांबलचक होती म्हणून प्रश्न थोडे छाटलेत.

सर, मी जिनिंगवर वजनकाट्याला आहे. सगळे जिनिंग जिनिंग म्हणतेत, तो शब्द आला कुठून? आणि त्याचा गुलामीशी संबंध आहे असं तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात, जरा फोडून सांगा की. (एक वाचक, सेलू)

चूक कबूल, उरकलंच होतं मी. जिन म्हणजे बाटलीतला जिन नाही बरं का, इंजिन शब्दाचं बोलीतलं तुटकं रूप आहे ते. एली व्हिटनी नावाच्या माणसानं १७९३ ला जॉर्जियात हे यंत्र बसवलं. तिकडं जो आखूड धाग्याचा कापूस यायचा त्याची सरकी रुईला इतकी घट्ट चिकटलेली असायची की एक माणूस दिवसभर बसला तरी अर्धा किलोच्या आसपास रुई निघायची. व्हिटनीच्या यंत्रात दात्यांचा रूळ होता, दाते पट्ट्यांच्या फटीतून रुई ओढायचे, सरकी फटीत मावायची नाही म्हणून अलीकडंच पडायची, आणि मागून ब्रश दात्यांवरची रुई झाडून घ्यायचा. तुमच्याकडं डबल रोलर असेल, ती जात वेगळी, पण काम तेच.

आता कोणालाही वाटेल की यंत्र आलं म्हणजे माणसाचे कष्ट कमी झाले. झालं उलटं. सरकी काढायला यंत्र आलं पण वेचणीला कुठलं आलं? वेचणी हातानंच. आणि रुई झटपट निघतेय म्हटल्यावर जो तो कापूस लावायला लागला. १७९० ला अमेरिकेत सात लाखांच्या आसपास गुलाम होते, १८६० ला साडेएकोणचाळीस लाख. बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून कायद्यानं बंदी होती, तरी हा आकडा. मग व्हर्जिनिया-मेरीलँडच्या जुन्या तंबाखूच्या मुलखातून माणसं विकत घेऊन अलाबामा, मिसिसिपी, लुईझियानाकडं न्यायचा धंदाच उभा राहिला, साधारण दहा लाख माणसं अशी दक्षिणेच्या पोटात ढकलली गेली, नवरा एकीकडं लेकरं एकीकडं.

आणि तुम्ही कापसाच्या मुलखातले म्हणून सांगतो, त्या मळेवाल्यांना बेवड नावाची गोष्ट मानवत नव्हती. कापसावर कापूस, कापसावर कापूस, रान थकलं की ते सोडायचं आणि पश्चिमेला नवीन धरायचं. म्हणजे कापसाला कायम नवी जमीन लागणार, नवी जमीन म्हणजे पुढं नवं राज्य, आणि नवं राज्य म्हणजे वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, दोन खुर्च्या. हे एवढं डोक्यात ठेवा, खालच्या सगळ्या उत्तरांना हाच धागा आहे.

जाता जाता आपल्या घरची गोष्ट. निजामानं १८५३ ला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तेव्हा त्याबरोबर आपला धाराशिवकडचा मुलूख अन् रायचूर दोआबही गेला होता, धाराशिव-रायचूर १८६० ला परत मिळाले, वऱ्हाड काही परत मिळाला नाही. कागदावर कारण होतं कंटिंजंट फौजेच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेच्या, पगाराची थकबाकी. पण मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा डोळा वऱ्हाडच्या कापसावर होताच. अमेरिकेतलं युद्ध पेटून तिकडचा कापूस अडकला तेव्हा मुंबईत रुईचे भाव कुठल्या कुठं गेले, आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर तितक्याच जोरात आपटले.

टेक्सास दहा वर्षं वेगळा देश होता म्हणे. मग अमेरिकेनं लगेच का घेतला नाही? आपल्या हैदराबाद संस्थानासारखंच प्रकरण दिसतंय. (निवृत्त लिपिक, उदगीर)

दिसायला दिसतंय, पण साहेब फार ताणू नका ते. आपल्याकडं इथलीच पिढ्यान् पिढ्यांची जनता राजाच्या विरोधात उभी होती. टेक्सासमध्ये उठाव केला तो बहुतांशी बाहेरून आलेल्यांनी. १८२० नंतर मेक्सिकोनंच अमेरिकन लोकांना तिथं वसायला बोलावलं, रान पडीक होतं म्हणून. ते आले, येताना गुलाम घेऊन आले, कापूस लावला. मेक्सिकोनं १८२९ ला गुलामी बंद केली, टेक्सासला तेवढी सूट दिली, पण १८३० ला नवीन माणसं आणायला बंदी घातली, मग कुरबूर वाढत गेली. गुलामी हे एकच कारण नव्हतं, मेक्सिकोत सगळी सत्ता राजधानीकडं ओढायचं चाललं होतं तेही होतं, पण गुलामी सोडून ती गोष्ट सांगणं म्हणजे मीठ काढून वरण वाढण्यातला प्रकार. २१ एप्रिल १८३६ ला सॅन जॅसिंटोला लढाई झाली, अठरा मिनिटांत खलास, आणि टेक्सास वेगळा देश झाला.

त्यांनी अमेरिकेचं दार लगेच वाजवलं होतं. पण अध्यक्ष जॅक्सन, जो एरवी कोणाला भ्यायचा नाही, तोही आत घेईना. कारण सिनेटचा तराजू. प्रत्येक राज्याला दोन जागा, लोकसंख्या कितीही असो. १८१९ ला गुलामीची ११ राज्यं आणि बिनगुलामीची ११ अशी बरोबरी होती, त्यात मिसुरी आलं अन् तराजू हलला. तेव्हा १८२० ला तडजोड केली: मिसुरी गुलामीचं, बदल्यात मेन बिनगुलामीचं, आणि लुईझियाना खरेदीतल्या, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेतलेल्या, बाकीच्या मुलखात ३६ अंश ३० कलांवर एक रेघ, मिसुरी सोडून तिच्या वर गुलामी नाही. आता या तराजूत टेक्सासएवढा धोंडा टाकायचा म्हणजे काय होणार ते दोन्ही पक्षांना कळत होतं, म्हणून दोघंही नऊ वर्षं दुसरीकडं बघत बसले.

शेवटी घेतला तो कसा, ते वाचून तुम्हाला सरकारी ऑफिसातले दिवस आठवतील. १८४४ ला रीतसर करार सिनेटपुढं ठेवला, त्याला दोनतृतीयांश मतं लागतात, तो ३५ विरुद्ध १६ नं आपटला. मग पळवाट काढली, करार नकोच, दोन्ही सभागृहांचा साधा संयुक्त ठराव करू, त्याला साधं बहुमत पुरतं. सिनेटमध्ये २७ विरुद्ध २५, झालं काम. अध्यक्ष टायलरनं खुर्ची सोडायच्या तीन दिवस आधी, १ मार्च १८४५ ला सही ठोकली. पुढच्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध, भांडण कशावरून तर टेक्सासची हद्द न्यूएसेस नदीपर्यंत की रिओ ग्रांदेपर्यंत. अध्यक्ष पोक म्हणाला अमेरिकेच्या जमिनीवर अमेरिकन रक्त सांडलं, तर इलिनॉयचा एक नवखा खासदार उठून विचारायला लागला की नेमकी कुठली जागा ती, दाखवा. तो लिंकन. बांधाच्या भांडणात तलाठ्याला विचारतेत ना, तसं. गावाकडं त्याची त्यावरून टिंगलच झाली. १८४८ च्या तहात अमेरिकेनं दीड कोटी डॉलर टेकवले, आणि टेक्सास धरून मेक्सिकोचा सुमारे निम्मा मुलूख गेला.

सर, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायलोय. व्हिग पार्टी चार वर्षांत गायब झाली असं पुस्तकात एका ओळीत दिलंय. एवढा मोठा पक्ष असा कसा काय गायब होतो? (विद्यार्थी, अंबाजोगाई)

बाळा, महाराष्ट्रात राहून तू हा प्रश्न विचारतोस म्हणजे कमाल आहे. बरं, थट्टा सोड.

व्हिग पक्ष १८३४ च्या सुमाराला तयार झाला तोच मुळात अँड्र्यू जॅक्सन नको म्हणून. जॅक्सनची डेमोक्रॅटिक पार्टी एकीकडं, आणि जॅक्सन न आवडणारे सगळे दुसरीकडं. त्यात बँकवाले, कारखानेवाले, रस्ते-कालवे पाहिजेत म्हणणारे, दारूबंदीवाले, शाळावाले, आणि शिवाय दक्षिणेतले बडे मळेवालेसुद्धा. आता ही मोट बांधायची कशानं? तर गुलामी हा विषय काढायचाच नाही. डेमोक्रॅट्सनीही तेच ठरवलेलं. १८३६ पासून १८४४ पर्यंत लोकांनी गुलामीविरुद्ध पाठवलेले अर्ज खालच्या सभागृहात वाचायचेच नाहीत, आले की बाजूला सारायचे, असा नियमच होता. एक माजी अध्यक्ष, जॉन क्विन्सी ॲडम्स, म्हातारपणी खासदार होऊन आठ वर्षं त्या नियमाशी भांडत बसला तेव्हा कुठं तो उठला.

विषय नाही तर निवडणूक कशावर लढायची? १८४० ची बघ. व्हिगांचा उमेदवार हॅरिसन, जुना सेनानी. विरोधी पेपरनं टोमणा मारला की याला एक पिंप सफरचंदाची दारू द्या, म्हातारा लाकडी झोपडीत गप पडून राहील. व्हिगांनी तो टोमणाच उचलला. झोपडी हे चिन्ह, मिरवणुकीत झोपड्या, फुकट दारू, गाणी, आणि पत्र्याचा-चामड्याचा माणसाहून उंच चेंडू करून गावोगाव ढकलत न्यायचे. माणूस खरा कोण? व्हर्जिनियाच्या बड्या जमीनदाराचा पोरगा, बाप स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. ऐन निवडणुकीत बांधावर जाऊन पिठलं-भाकरी खातानाचे फोटो आपण बघतोच की, त्याचं बियाणं तिथलं. ८० टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. हॅरिसन निवडून आला, शपथेला जवळपास दोन तास भाषण ठोकलं आणि महिनाभरात वारला. खुर्चीवर आला उपाध्यक्ष टायलर, जो मुळात डेमोक्रॅट गोटातला, मतं मिळतील म्हणून घेतलेला! त्यानं व्हिगांचीच बँकेची बिलं नाकारली, पक्षानं त्याला काढून टाकलं, आणि पुढं त्यानंच टेक्सास आत घेतला, वर सांगितलं ते.

आता तुझ्या पुस्तकात सहसा नसतं ते सांगतो. १८४४ ला व्हिगांचा हेन्री क्ले उभा होता, टेक्सास घ्यायला आधी नाही म्हणाला मग दक्षिणेची मतं जातील म्हणून जरा हो-हो करायला लागला. उत्तरेतले गुलामीविरोधी भडकले. लिबर्टी पार्टी म्हणून त्यांचा छोटा पक्ष होता, बर्नी उमेदवार. न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅट पोक क्लेपेक्षा साधारण ५ हजार मतांनी पुढं राहिला आणि बर्नीनं तिथं १५ हजारांवर मतं खाल्ली. तेवढं एक राज्य पलटलं असतं तर राज्यवार मिळणाऱ्या इलेक्टोरल मतांत क्ले १४१, पोक १३४, क्ले अध्यक्ष. म्हणजे टेक्सास नको म्हणणाऱ्यांच्या मतांमुळंच टेक्सासवाला निवडून आला. मतविभाजन हा शब्द आपल्याला कोणी शिकवायला नको. पण त्या बर्नीवाल्यांना नुसतं दोष देऊन चालत नाही, दोन मोठे पक्ष तोंड उघडत नसतील तर माणसानं करायचं काय?

पक्षाचं पाणी खरं आटलं ते १८५४ ला. डेमोक्रॅट सिनेटर स्टीफन डग्लस यानं कॅन्सस-नेब्रास्काचं बिल आणलं, की ती १८२० ची रेघ पुसा, तिथले लोकच मत देऊन ठरवतील गुलामी पाहिजे का नको. ऐकायला काय लोकशाही वाटते. खालच्या सभागृहात ११३ विरुद्ध १०० नं पास. उत्तरेतला एकूण एक व्हिग विरोधात, दक्षिणेतले बहुतेक बाजूनं, इथं पक्ष उभा चिरला. दोन वर्षांआधीच त्यांचा उमेदवार स्कॉट २५४ विरुद्ध ४२ असा झोपला होता. उरलेले काही नव्या रिपब्लिकन पक्षात गेले, त्यात लिंकन, काही दुसरीकडं, आणि संपलं.

आणि कॅन्ससमध्ये ते मतदान झालं कसं? मार्च १८५५, गणतीप्रमाणं मतदार २९०५, पेटीत मतं सहा हजारांवर. शेजारच्या मिसुरीतून हत्यारं घेऊन टोळ्याच्या टोळ्या आल्या, मतं टाकली आणि परत गेल्या. उत्तरेकडून मग गुलामीविरोधी वसाहतवाल्यांना रायफली जायला लागल्या, पेट्यांवर लिहिलेलं 'पुस्तकं'. २१ मे १८५६ ला लॉरेन्स गाव लुटलं. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये, सिनेटच्या सभागृहात, गुलामीविरोधी सिनेटर चार्ल्स सम्नर आपल्या बाकावर बसून कागद लिहीत असताना दक्षिणेचा खासदार प्रेस्टन ब्रूक्स यानं त्याला काठीनं डोक्यात मारलं, काठी मोडेपर्यंत. बाक जमिनीला पक्का ठोकलेला, सम्नरला धड उठता येईना, शेवटी बाक उपटूनच उठला आणि कोसळला. परत कामाला यायला त्याला तीन वर्षं लागली. ब्रूक्सनं राजीनामा दिला तर त्याच्या लोकांनी त्याला परत निवडून दिलं आणि भेट म्हणून नव्या काठ्या पाठवल्या. हा प्रसंग उत्तरात लिही, परीक्षक जागा होतो.

"मला काहीच माहीत नाही" नावाचा पक्ष होता म्हणतेत, खरं का गंमत? (एक वाचक, बीड)

खरं. मुळात गुप्त मंडळ होतं, कोणी विचारलं की सभासदानं मला काही माहीत नाही म्हणायचं, लोकांनी तेच नाव पाडलं. आयर्लंडहून येणारे कॅथलिक नकोत एवढाच त्यांचा मुद्दा. १८५४-५५ ला जोरात वाढले, १८५६ ला माजी अध्यक्ष फिलमोर उभा केला, तो फक्त मेरीलँड जिंकला. गुलामीवर काय म्हणायचं हे त्यांना खरंच माहीत नव्हतं, त्यातच गेले.

आमच्या बचत गटानं गावातली दारू बंद करायची म्हणून लई खेटे घातले. तिकडच्या बायकांनी पण असंच केलं होतं असं तुम्ही लिहिलं, जमलं का त्यांना? (एक ताई, कळंब)

ताई, जमलं, मोडलं, आणि त्यातून भलतंच काहीतरी मोठं निघालं. १८३० च्या सुमाराला तिथं माणूस किती प्यायचा, तर शुद्ध अल्कोहोल धरून मोठ्या माणसामागं वर्षाला सात गॅलन, म्हणजे २६ लिटरच्या वर. मक्याची व्हिस्की स्वस्त, मजुराला पगाराबरोबर दारू. १८२६ ला दारूविरोधी मोठी संस्था निघाली, शपथा, सभा, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पिणं निम्म्याच्याही खाली आलं, हे नुसत्या समजावण्यानं. मग कायदा पाहिजे म्हणून १८५१ ला मेन राज्यानं दारूबंदी केली, पाठोपाठ डझनभर राज्यांनी. कायदा आणणारा नील डाउ पोर्टलंडचा महापौर, त्यानंच औषधासाठी म्हणून पालिकेच्या नावावर दारू मागवली, लोकांना कळलं, १८५५ ला दंगल, गोळीबार, एक माणूस मेला, आणि पुढच्या वर्षी कायदा रद्द. आपल्याकडं आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद केलेल्या गावात पुढच्या रस्त्यावर टपरी कशी निघते ते तुम्हीच मला सांगाल.

बायका त्यात का पडल्या तर लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्यानं नवऱ्याची. तो ती गुत्त्यावर उडवायला मोकळा. पण सभेत गेलं तर? सुसान अँथनी १८५२ ला ऑल्बनीच्या दारूबंदीच्या सभेत बोलायला उठली तर सांगितलं की बहिणींना ऐकायला बोलावलंय, बोलायला नाही. गुलामी-विरोधाच्या लंडनच्या परिषदेत १८४० ला तसंच, बायका एका बाजूला नुसत्या बघायला. तिथं एलिझाबेथ कॅडी स्टँटन अन् ल्युक्रिशिया मॉट या दोघींची गाठ पडली आणि जुलै १८४८ ला सेनेका फॉल्स गावात त्यांनी स्वतःचीच परिषद घेतली. ६८ बायका आणि ३२ पुरुषांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मतदानाच्या हक्काचा ठराव तर बऱ्याच बायकांनाच जास्तीचा वाटत होता, तो लावून धरला फ्रेडरिक डग्लसनं, जो स्वतः गुलामीतून पळून आलेला. सह्या करणाऱ्यांत शार्लट वुडवर्ड नावाची हातमोजे शिवणारी पोरगी होती, १९२० ला मतदान मिळालं तेव्हा त्यातली ती एकटी जिवंत होती.

तेच १८४८ साल, पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. पण गुलामी मोडल्याची खबर जोतीरावांपर्यंत पोहोचली, १८७३ चा 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांनाच अर्पण केलाय.

सर, नवी जमीन नवी जमीन म्हणताय, ती जमीन रिकामी होती का? (शिक्षक, किनवट)

नव्हती. आणि हा प्रश्न किनवटसारख्या आदिवासी मुलखातून आला यात नवल नाही.

अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जियाचं जे कापसाचं रान मी वर सांगितलं ते चोक्टॉ, क्रीक, चिकसॉ, चेरोकी या लोकांचं होतं. १८३० ला त्यांना मिसिसिपी नदीपलीकडं हलवायचा कायदा खालच्या सभागृहात १०२ विरुद्ध ९७ नं पास झाला. फक्त पाच मतं. विरोधात उत्तरेतल्या बायकांनी अर्जांवर अर्ज पाठवले होते, पुढं गुलामीविरुद्ध अर्जांचे गठ्ठे पाठवायची सवय त्यांना तिथंच लागली.

चेरोकींचं सांगतो, कारण रानटी आहेत म्हणून हलवतो हे सरकारचं म्हणणं त्यांच्यापुढं टिकतच नाही. सेक्वोया नावाच्या माणसानं, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, १८२१ ला चेरोकी भाषेची स्वतंत्र लिपी तयार केली. १८२७ ला त्यांनी आपली राज्यघटना लिहिली, १८२८ ला न्यू इकोटा गावातून वर्तमानपत्र काढलं, चेरोकी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. सुप्रीम कोर्टात गेले, १८३२ ला कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला की जॉर्जिया राज्याचा कायदा त्यांच्या मुलखात चालत नाही. निकालाची अंमलबजावणी झाली नाही. १८३५ ला थोड्या लोकांना हाताशी धरून करार करून घेतला, मुखिया जॉन रॉसनं त्याविरुद्ध १५ हजारांवर सह्यांचा अर्ज पाठवला तरी सिनेटनं करार एका मतानं मंजूर केला. १८३८ ला फौज आली, माणसं घरातून उचलून छावण्यांत कोंडली, आणि तिथून पश्चिमेला हजार मैलांच्या आसपास वाट, त्यात ऐन हिवाळा. सोळा हजारांतली चार हजारांच्या आसपास मेली असं धरतात.

त्या वर्तमानपत्राचा छापखाना जॉर्जियाच्या शिपायांनी १८३५ लाच उचलून नेला होता. पुढं शंभर-सव्वाशे वर्षांनी न्यू इकोटाला खोदकाम झालं तेव्हा मातीत छपाईचे शिशाचे खिळे सापडले, चेरोकी अक्षरांचे. आमच्या परभणीत लहानपणी खिळे जुळवायचा छापखाना होता, एक खिळा किती बारीक असतो आणि बोटातून सुटला तर शोधायला किती वेळ लागतो हे ज्यानं बघितलंय त्याला मी काय सांगतोय ते कळेल.